मामंजींची मातृभाषा

उभ्या महाराष्ट्रात आमच्या मामंजींइतका मराठी माणूस दुसरा सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आणि मी नातेपुत्याची आहे, म्हणजे मराठी माणसं मी काही कमी पाहिलेली नाहीत. गंमत इतकीच की मामंजींचे वडील तेलंगणातल्या एका खेड्यातून हातमागावर विणायला सोलापुरात आले, लग्न झाल्यावर आई त्यांच्यामागोमाग आली, आणि मामंजी जन्मले ते पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात. तिथं मागाच्या खडखडाटाखेरीज जे काही कानावर पडे ते सगळं तेलुगूत. त्या घरातून मराठीचा असा मास्तर निघाला की ज्याच्यासमोर बोलताना खानदानी मराठी माणसंसुद्धा वाक्य मनात एकदा तपासून घेत.

'मामंजी' हे नावही त्यांनीच ठरवलेलं. तेलुगू घरात सून सासऱ्याला 'मामय्या' म्हणते, आमच्याकडे नातेपुत्याला नुसतं 'मामा'. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी चहा देताना 'मामा' म्हटलं, तर ते म्हणाले, "सूनबाई, मामा म्हणजे आईचा भाऊ. सासऱ्याला मराठीत मामंजी म्हणतात. जुना शब्द आहे. कोणी वापरला नाही तर मरेल." एक शब्द माझ्या हातून मरायला नको म्हणून मी तो आजवर जगवत आले आहे.

खरं तर लग्नाच्या आधीच मला त्यांचा अंदाज यायला हवा होता. मी सोलापूरला मावशीकडे राहून शिवणकाम शिकत होते, हे टॉवेलच्या कारखान्यात होते, आमचं जमलं. माझ्या वडिलांना मुलगा पसंत होता, पण एक शंका होती. "माणसं चांगली असतील गं," ते म्हणाले, "पण ती तेलगू. तुजं बोलणं त्यास्नी कळंल का, आन त्यांचं तुला?" शेवटी घर बघायला म्हणून ते आले. दारातच मामंजी हात जोडून उभे. म्हणाले, "आपल्या आगमनाने आम्ही कृतार्थ झालो. प्रवास सुखकर झाला ना? आसनस्थ व्हावे." वडिलांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हटलं, "बसा म्हणत्यात." म्हणजे या घरात पाऊल ठेवल्याबरोबर मी दुभाषी झाले, तेही मराठीतून मराठीत. मग वडिलांनी माझी शिफारस केली, "आमची पोरगी लई कामाची हाय." मामंजींच्या चेहऱ्यावर गांधीलमाशी चावल्यासारखं काहीतरी उमटलं, पण ते एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे मला ते दृश्य पुढे कुणी समजावून सांगितलं नाही. आता मला कळतं की भाषेची चूक ऐकून गप्प बसणं ही त्या माणसाच्या आयुष्यातली केवढी मोठी उदारता होती.

लग्न झालं आणि उदारता संपली. 'हाय' चं 'आहे' झालं, 'न्हाय' चं 'नाही', 'कुटं' चं 'कुठे'. 'व्हय' म्हटलं की मामंजी ऐकूच आलं नाही असं दाखवत, आणि 'होय' म्हणेपर्यंत पुढचं बोलत नसत. 'लई' वरून आमचा तह झाला. तो शब्द स्वयंपाकघराच्या आत चालेल, उंबऱ्याबाहेर नाही. आमटी लई तिखट होऊ शकत होती, पण बाहेरच्या खोलीत आणली की ती फार तिखट व्हायची. माहेरी गेले की माझ्या बहिणी माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावत. "तेलगूंच्यात जाऊन शुद्ध झाली," म्हणत. आज हे मी लिहिते आहे त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कमी असतील तर ते मामंजींचं काम आहे.

गावातल्या पाट्यांचा त्यांना फार त्रास होई. सदऱ्याच्या खिशात खडू असायचाच. निवृत्त होऊन शाळा सुटली तरी खडू सुटला नाही. कोपऱ्यावरच्या गिरणीवर 'येथे दळन दळून मिळेल' अशी पाटी होती. मामंजींनी गिरणीवाल्या चाचांना सांगितलं की 'दळन' नव्हे, 'दळण', बाणातला ण. चाचा म्हणाले, "सर, चक्की लाइट पे चलती, बोर्ड पे नै." मामंजी डबा तसाच उचलून घरी आले आणि मला म्हणाले, त्या पाटीखाली दळलेलं पीठ या घरात येणार नाही. दोन दिवस आम्ही भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी चाचा स्वतः डबा न्यायला आले. रंगाऱ्याला बोलावून 'न' चा 'ण' करून घेतला होता, पण रंगाऱ्यानं उत्साहाच्या भरात 'मिळेल' मधल्या 'ळे' वरही काहीतरी जादा फराटा ओढला होता. मामंजी पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "राहू द्या. माणसानं प्रयत्न केला आहे." त्यानंतर चाचा आमचं ज्वारीचं पीठ सगळ्यांत आधी दळून द्यायचे, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकानं तक्रार केली तर सांगायचे की हे बोर्डवाले सर आहेत.

लग्नपत्रिका आली की घरातली माणसं ती लपवायला बघत. मामंजी ती तांबड्या पेनानं तपासत. एकदा त्यांच्या सख्ख्या पुतण्याची पत्रिका त्यांनी समासात खुणा करून, खाली 'पुन्हा लिहून आणावी' असा शेरा मारून परत पाठवली. पुतण्या वर्षभर बोलला नाही. मुलगा झाल्यावर मात्र बारशाची पत्रिका छापायच्या आधी तपासायला घेऊन आला.

खाण्यापिण्यातही तेच. आमच्या घरी सणाला पुलिहोरा होतो. मामंजी त्याला 'चिंचेचा भात' म्हणत. तांदळाच्या पिठाची, तीळ-शेंगदाणे घालून थापलेली सर्वपिंडी केली की 'थालीपीठ जरा वेगळं झालं आहे' असं म्हणून तीन खात. पदार्थ तेलुगू असला तरी पोटात जाताना त्यानं मराठी नाव घेऊन जायचं, असा नियम होता.

हे सगळं ज्या एका माणसासमोर चालत नसे, ती म्हणजे त्यांची आई. अव्वा. त्यांच्या बोलीत आईला अव्वा म्हणतात, पण सगळी गल्लीच तिला अव्वा म्हणे. एकटे मामंजी 'आई' म्हणत. अव्वानं जन्मभर विड्या वळल्या. तिला कामापुरती मराठी येत होती, बाजारातली, दवाखान्यातली. पण घरात ती तेलुगूच बोले. मामंजी तिच्याशी मराठीत बोलत आणि ती त्यांना तेलुगूत उत्तर देई. पन्नासेक वर्षं त्या मायलेकरांचं असंच चाललं होतं. भांडण झालं तर ऐकण्यासारखं असे. मामंजी म्हणत, "आई, औषध वेळेवर का घेतलं नाहीस?" ती तेलुगूत म्हणे, तू मला शिकवू नकोस, मी तुला चालायला शिकवलंय. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळे आणि कोणीही एक पाऊल मागे घेत नसे. मामंजींची मुलं त्यांना 'नाना' म्हणतात, हा त्यांना अस्सल मराठीपणाचा पुरावा वाटे. अव्वा हसून मला म्हणे, तेलुगूत बापाला नान्नाच म्हणतात, त्याला सांगू नकोस, नाहीतर तेही बदलायला लावेल.

तेलुगू मी अव्वाकडून शिकले. मी घरी बसून ब्लाऊज शिवते, गिऱ्हाईक सगळं गल्लीतल्या बायकांचं. त्यांची मापं, त्यांच्या तक्रारी, नवऱ्यांच्या कागाळ्या सगळ्या तेलुगूत. अव्वा शेजारी बसून विड्या वळता वळता मला एकेक शब्द सांगे. दोन वर्षांत मी असं बोलायला लागले की नव्या बायका मला विचारत, तुमचं तेलंगणातलं गाव कुठलं. मी नातेपुते सांगितलं की त्या विचारात पडत.

मामंजी असे का, हेही अव्वानंच सांगितलं. सात वर्षांचे असताना त्यांना मराठी शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी तहान लागली, तर ते वर्गात उठून 'नीळ्ळु' म्हणाले. तेलुगूत नीळ्ळु म्हणजे पाणी. पोरांना वाटलं, कपड्यांना घालायची नीळ मागतो आहे. वर्ग हसला, मास्तरही हसले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी खरोखरच त्यांच्या पाण्याच्या बाटलीत निळीची पुडी टाकली. शाळा संपेपर्यंत त्यांचं नाव 'निळू' होतं. बाटली निळी झाली त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी अव्वाशी मराठीत बोलायला सुरुवात केली, जितकी येत होती तितक्या मराठीत. अव्वाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. चौथीपर्यंत ते मराठीत पहिले यायला लागले आणि अव्वानं आशा सोडली. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडला नाही हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी अव्वाचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं, शेवटी शिकलेलं आधी जातं. म्हणजे मराठी आधी गेली. बाजारातली, दवाखान्यातली, सगळी. मग एका दुपारी मामंजी खोलीत आले तर अव्वा पलंगावरून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला उभी राहिली. मला हळूच विचारलं, "ई सारू येवरु?" हे सर कोण?

मी मामंजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "आई, मी आहे." तिला ते कळलं नाही. तिच्या लेखी पांढरा सदरा, खिशात खडू, तोंडात मराठी असलेला माणूस म्हणजे शाळेतला मास्तर. तिनं त्यांना बसायला सांगितलं आणि मला चहा ठेवायला लावला. मग अदबीनं विचारलं, आमचा मुलगा शाळेत येतो का, सर.

मी म्हटलं, "अव्वा, हाच तुझा मुलगा." ती मला म्हणाली, चेष्टा करू नये, मोठा माणूस आहे.

शेवटी मामंजी मराठीतच म्हणाले, "येतो. हुशार आहे." मी ते तेलुगूत सांगितलं. अव्वाचा चेहरा उजळला. मग ती जरा पुढे सरकली आणि सरांना एक विनंती करायला लागली. मी तिच्या वाक्यामागून वाक्य मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मामंजींना त्याची गरज नव्हती, त्यांना शब्दन् शब्द कळत होता. अव्वा म्हणत होती, "सर, पोरगा चांगला आहे. पण शाळेत जायला लागल्यापासून माझ्याशी आमच्या बोलीत बोलत नाही. काय बोलतो ते मला नीट समजत नाही. दिवसभर वाट बघते आणि तो आला की परका आल्यासारखं वाटतं. माझं ऐकत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. एवढं सांगाल का?"

मामंजी खाली बघत होते. तसेच म्हणाले, "सांगतो." तेवढं मात्र मी भाषांतर करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून मुलांची तेलुगू अंकलिपी घेऊन आले. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाच्या हातात ती अंकलिपी बघून मला हसू आलं, आणि मी ते आवरलं नाही, कारण आवरलेलं त्यांना ओळखू येतं. ते म्हणाले, "हसा, सूनबाई. विद्यार्थी नवा आहे." त्यांना तेलुगू सगळी कळत होती, पण जीभ वळत नव्हती. साठ वर्षं बंद असलेलं दार ढकलावं तसं चाललं होतं. आणि स्वभाव जाईना. बोलायचं तर शुद्धच बोलायचं. पुस्तकातली आदरार्थी वाक्यं पाठ करून ते अव्वासमोर गेले आणि म्हणाले, "मीरू येला उन्नारु?" म्हणजे आपण कशा आहात. अव्वानं पुन्हा पदर घेतला. ते बाहेर गेल्यावर मला म्हणाली, आता तर सरकारी साहेब आलाय, रेशनकार्डाचं काहीतरी असेल. मी मामंजींना सांगितलं, "अव्वाशी असं कोणी बोलत नाही. घरातलं बोला." ते म्हणाले, "घरातलं मला येत नाही." मग थांबून म्हणाले, "म्हणजे येत होतं."

महिनाभर असंच गेलं. अव्वा त्यांच्या हातचं खाईना. परक्या पुरुषाच्या हातून कसं खायचं. मी भरवलं की खाई. मामंजी दाराशी उभे राहून बघत.

एक दिवस मला कापड आणायला जायचं होतं आणि उशीर झाला. परत आले तर दुपारचे तीन वाजलेले, मामंजी जेवायचे थांबलेले. त्यांना साखरेचा त्रास आहे, उपाशी राहिले की हातपाय थरथरतात. ते अव्वाच्या पलंगापाशी खाली जमिनीवर बसले होते. मी चपला काढत असताना ऐकलं. कुठलंही पुस्तक न आठवता, लहान मुलासारख्या रडक्या आवाजात ते म्हणाले, "अव्वा, आकलैतुंदी." भूक लागली.

त्यांची तेलुगू सात वर्षांची होती. सातव्या वर्षी जिथं थांबली तिथंच होती, त्याच आवाजात. आणि अव्वानं ती ओळखली. ती वाकली, त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "येडिकि पोयिनव् रा, बिड्डा?" कुठं गेला होतास रे, बाळा? मग मला हाक मारून म्हणाली, पोराला बुव्व, म्हणजे भात, वाढ, कधीचा उपाशी आहे.

मी दोन ताटं केली. मामंजींनी तिला भरवलं आणि तिनं त्यांना. मी चुलीपाशी पाठ करून उभी राहिले, कारण माझ्या डोळ्यांनी माझं ऐकणं सोडून दिलं होतं.

त्यानंतर अव्वा आठ महिने होती. त्या आठ महिन्यांत मामंजी घरात बहुतेक वेळ सात वर्षांचे असत. ती रागावली की मान खाली घालत. तिनं विचारलं, आज शाळेत काय झालं, की काहीतरी रचून सांगत, चुकतमाकत, क्रियापदाचं लिंग सांभाळत नसत, आणि ती त्यांचं वाक्य दुरुस्त करी. त्यांच्या चेहऱ्यावर दुरुस्त होण्याचा असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. नवरात्रात गल्लीतल्या बायकांनी बतुकम्माच्या सणासाठी फुलांचा उंच मनोरा रचला. अव्वाला खुर्चीत बसवून नेलं तेव्हा ती फेरातल्या बायकांकडे बोट दाखवून मामंजींना गाण्याचे अर्थ सांगत होती, आणि त्यांनी सगळे अर्थ पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकून घेतले. येताना एका जुन्या विद्यार्थ्यानं वाटेत गाठून विचारलं, "सर, तुम्ही तेलुगू? मला माहीतच नव्हतं." मामंजी म्हणाले, "मी सोलापूरचा. आमच्याकडे दोन्ही भाषा आहेत." यात कुठं संकोच नव्हता. पाटीवरचा शब्द वाचावा तसं ते बोलले.

अव्वा एका सकाळी झोपेतच गेली. दिवस झाले, पाहुणे परतले. मामंजी पुन्हा सरळ बसायला लागले, वर्तमानपत्र तांबड्या पेनानं वाचायला लागले. मला वाटलं, संपलं ते.

पण पंधरा दिवसांनी बघते तर दुपारी ते समोरच्या ओट्यावर. तिथं अव्वाच्या बरोबरीच्या चार म्हाताऱ्या विड्या वळत बसतात, सगळ्या तेलंगणाच्या त्याच भागातून लग्न होऊन आलेल्या, अव्वासारखंच बोलणाऱ्या. मामंजी त्यांच्यात पायरीवर बसले होते. त्यातली एक म्हणाली, "कूसो बिड्डा," बस बाळा, आणि त्यांच्या हातात तेंदूची पानं दिली. पान कापणं त्यांना जमत नाही, अजूनही जमत नाही. पण ते रोज जातात. तिथं त्यांना कोणी सर म्हणत नाही.

चारांतल्या दोघी यंदा गेल्या. उरलेल्या दोघींपैकी एकीला ऐकू कमी येतं. मामंजी ओट्यावर टेकले की ती विचारते, जेवलास का रे. मामंजी सांगतात, जेवलो. तिला ऐकू येत नाही, म्हणून ती थोड्या वेळानं पुन्हा विचारते, आणि मामंजी पुन्हा सांगतात.